उलट्या फोटोचे ९,३३० पौंड

जुनी गाडी लांबून घेताना फसलो, त्याचा आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "नक्की किती गेले हो?" असं कुणाला आवाज खाली करून विचारायला नको. ९,३३० पौंड. रुपयांत दहा लाखांच्या आसपास. त्यातले २,४०० भांडून परत मिळवले. ६,९३० बुडाले. घरी पहिले तीन आठवडे मी "ट्रेलरवाला उशीर करतोय" एवढंच सांगत होतो, हेही इथेच कबूल करतो.

वस्तू काय होती ते सांगितलं की निम्मे लोक हसतात. युनिव्हर्सल कॅरियर. ब्रेन कॅरियर म्हणतात ती. दुसऱ्या महायुद्धातली, वरून उघडी, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी छोटी चिलखती गाडी. पावणेचार टन वजन, मधोमध फोर्डचं व्ही-८ इंजिन, ८५ हॉर्सपॉवर. सगळ्या देशांत मिळून एक लाखाच्या वर बनल्या. हिंदी पलटणींनाही त्या होत्या. माझे आजोबा साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीत, इटलीत. यशवंत घाडग्यांना १० जुलै १९४४ च्या लढाईबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ती तिसरी पलटण. आजोबा त्याच पलटणीत "ब्रेन गाडी"चे ड्रायव्हर. लढाईबद्दल ते चकार शब्द बोलायचे नाहीत, पण गाडीबद्दल विचारलं की जेवणाचं ताट पुढे ओढून त्याचं स्टेअरिंग करायचे. "जरा वळवलं की पट्टा नुसता वाकतो, गाडी लाडात आल्यासारखी हळूच वळते. अजून वळवलं की एका अंगाला ब्रेक लागतो, मग जागच्या जागी गिरकी." हे तंतोतंत खरं आहे, पुढे मी स्वतः त्याचे जोड उघडून पाहिले. गाडीचं ते वाकणं आजोबांनी ताटावर दाखवलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.

तर मी इंग्लंडात, मिडलंड्समध्ये, गाड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं क्वालिटी तपासणीत. २०२२ साली एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागून कॅरियरचा नुसता सांगाडा ४,२०० पौंडांना घेतला. तो व्यवहार चोख झाला. माणूस समोर, वस्तू समोर, वर चहा. सांगाड्याला पट्टे नव्हते, बोग्या (पट्ट्याच्या आतल्या चाकांचे संच) नव्हत्या, मागचा अॅक्सल नव्हता, इंजिन नव्हतं. दोन वर्षं सुटे भाग गोळा करत राहिलो आणि हिशेब केला तेव्हा कळलं, की अशाने मी रिटायर होईन पण गाडी चालणार नाही. एखादी अख्खी, पडून राहिलेली कॅरियर मिळाली तर दोन्हींची मिळून एक होईल. म्हणून "पाहिजे" अशी जाहिरात टाकली.

त्या जाहिरातीत मी आजोबांबद्दल लिहिलं. इटली, मराठा पलटण, सगळं. पहिला गाढवपणा हा. शिंप्याकडे जाऊन आपणच आपली मापं द्यावीत आणि मग कपडा अंगाला कसा बरोबर बसला म्हणून कौतुक करावं, तसं झालं. जाहिरातीत काय हवं ते लिहा, का हवं ते लिहू नका.

चार दिवसांनी मेसेज आला. बेल्जियममधला माणूस, आर्देनमध्ये शेती, सासऱ्याच्या कोठारात कॅरियर पडून आहे. ११,५०० पौंड. हे पटण्यासारखं होतं, कारण युद्धानंतर बेल्जियम-हॉलंडच्या सैन्यांनी या गाड्या वापरल्या आणि कित्येक पुढे शेतावर गेल्या. माणूस घाई करत नव्हता. इंजिनाचा आवाज ऐकायचा म्हटलं तर व्हिडिओ पाठवला. (इंजिनाचाच. गाडी त्यात दिसत नव्हती. आवाज खरोखर फोर्ड व्ही-८ चा होता, जगात तो आवाज काय कमी ठिकाणी रेकॉर्ड झालाय?) दहा दिवसांनी त्याने सहज म्हणून लिहिलं, की एका बाजूचा रंग खरवडल्यावर खाली हिंदी पलटणीची खूण दिसतेय असं वाटतं, तुम्हाला त्यातलं कळत असेल.

मी तेव्हाच संपलो.

इटलीतल्या पलटणीची गाडी आर्देनच्या कोठारात कशी येईल, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला होता. उत्तरही मीच शोधलं: युद्धानंतरच्या लिलावात कुठलं सामान कुठेही जायचं. त्याला बिचाऱ्याला थाप मारायचेही कष्ट पडले नाहीत.

आता तो फोटो. एकूण सहा फोटो होते, पण मी एकाबद्दलच बोलतोय, समोरून घेतलेला. कॅरियरमध्ये (डावं-उजवं सगळीकडे गाडीत बसलेल्या माणसाचं धरा) ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि बंदूकवाला डावीकडे, त्याच्या पुढे चिलखताचा एक खोका बाहेर आलेला असतो. गाडीच्या पुढच्या तोंडाची ओळखच ती. माझ्या गॅरेजमध्ये तो खोका डावीकडे आहे, त्याच्या कोपऱ्याला आपटून माझ्या गुडघ्यावर दोन वर्षं निळा डाग आहे. आणि फोटोतला खोका उजवीकडे होता.

मला दिसलं. हे मी शपथेवर सांगतो, मला दिसलं होतं. विचारलंही. उत्तर आलं: "ही कॅनडात बनलेली आहे. तिकडे ड्रायव्हर डावीकडे." आणि मी, ज्याची पूर्ण नोकरी एलएच आणि आरएच, म्हणजे डाव्या आणि उजव्या, शिक्क्यांच्या पार्टांची गल्लत पकडण्यात गेली, तो "हो, असेल" म्हणून गप्प बसलो. कॅनडातल्या कॅरियरही उजव्याच हाताच्या होत्या. हे मला ठाऊक होतं, माझ्या फळीवरच्या पुस्तकात आहे, पुस्तक चार फुटांवर होतं. गाडीच्या अंगावरचा नंबर पुसून धूसर केला होता, "प्रायव्हसी" म्हणून. ऐंशी वर्षांच्या लोखंडाला कसली आलीय प्रायव्हसी? फोटो आरशासारखा उलटा केला की आकडेही उलटे दिसतात, म्हणून पुसले होते. उलटा अशासाठी, की फोटोवरून शोध घेतला तर मूळ फोटो सहज सापडू नये. इतकं साधं.

दिसलं तर मग थांबलो का नाही? कारण मला ती गाडी हवी होती. बाकी सगळी कारणं मी मागाहून शोधून काढलेली आहेत.

पैसे असे गेले. ११ फेब्रुवारी २०२५, अनामत २,५०० पौंड, इथल्याच एका बँकखात्यात, त्याच्या "इंग्लंडमधल्या भागीदाराच्या" नावाने. बँकेच्या अॅपवर लाल अक्षरांत आलं: नाव जुळत नाही. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की खातं कंपनीचं आहे, नाव जुळणार नाही. मी "पुढे जा" दाबलं. आठ दिवसांनी ५,००० पौंड, या वेळी परदेशी खात्यात. मग लो-बेड ट्रेलरचे ६८०. मग "लष्करी वाहनाचा निर्यात परवाना" म्हणून १,१५०. बेरीज करा, ९,३३०. उरलेले ४,००० गाडी दारात उतरल्यावर द्यायचे, हे त्याने स्वतःहून सुचवलं होतं. त्यावरच माझा पूर्ण विश्वास बसला. चोर कधी पैसे मागे ठेवतो का? ठेवतो. ते ४,००० त्याला कधी मिळणारच नव्हते, तर त्याचं काय गेलं?

ज्याला परदेशी खात्यात पैसे पाठवायचे आहेत त्याने आयबॅनची, म्हणजे त्या लांबलचक खातेक्रमांकाची, पहिली दोन अक्षरं वाचा. बेल्जियमचं खातं बीई ने सुरू होतं. माझं एलटी ने सुरू होत होतं, म्हणजे लिथुआनिया. मी ती वीस अक्षरं नीट तपासून टाकली, एकही चूक होऊ नये म्हणून दोनदा. पहिल्या दोन अक्षरांचा अर्थ बघितला नाही.

१,१५० नंतर जेव्हा "विम्याचे ३८५, परत मिळणारे" आले तेव्हा कुठे पोटात गोळा आला. पलीकडच्या गावात एक म्हातारा आहे, चाळीस वर्षं या गाड्यांत हात काळे केलेला. त्याच्या शेडमध्ये गेलो. त्याने चष्मा वर सारला, फोन हातात घेतला, फोटोवर दोनदा बोट टेकवलं आणि मला परत दिला. फोटो सुलटा झाला होता. खोका डावीकडे आला, ड्रायव्हरची जागा उजवीकडे. "ही गाडी मला माहीत आहे," तो म्हणाला. "मालक डेव्हनमध्ये असतो. विकायची नाहीये." मग किटली लावायला गेला. मला बघायला नको म्हणून गेला असणार, त्याचे उपकार.

भारतात जुनी बुलेट विकणारा "बदली झालेला फौजी" सगळ्यांना माहीत आहे. ओळखपत्र, वर्दीतला फोटो, "सर, आर्मीचा ट्रान्सपोर्ट आहे, आधी पैसे भरा". माझ्या चुलतभावाला पुण्यात असाच फोन आला होता तेव्हा मी त्याला इथून अर्धा तास व्याख्यान दिलं होतं. त्याने मला अजून त्याची आठवण करून दिलेली नाही. देईल.

आता मदत करणाऱ्यांचं ऐका. पोलिसांच्या १०१ नंबरला फोन केला. फसवणूक आम्ही घेत नाही, राष्ट्रीय नोंदणी केंद्राकडे करा. तिथे ऑनलाइन फॉर्म, एक तास दहा मिनिटं. वस्तूचा प्रकार निवडा: मोबाईल, तिकिटं, पाळीव प्राणी, वाहन. वाहन निवडलं तर रजिस्ट्रेशन नंबर सक्तीचा. १९४३ सालच्या, कधीच रस्त्यावर न नोंदलेल्या गाडीचा नंबर कुठून आणू? शेवटी "इतर" मध्ये टाकलं. एक संदर्भ क्रमांक मिळाला. सहा आठवड्यांनी पत्र: तपासाला पुरेसे धागे नाहीत. धागे! मी त्यांना दोन बँकखाती, एक फोन नंबर, सव्वीस दिवसांचे मेसेज आणि खऱ्या मालकाचा पत्ता दिला होता. याहून जास्त धागे असते तर मी स्वेटरच विणला असता.

बेल्जियमच्या पोलिसांना लिहिलं. त्यांचं नम्र उत्तर: आपण राहता तिथे तक्रार करावी. इथे परत गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, गुन्हा बेल्जियममध्ये झालाय ना? मी म्हटलं, बेल्जियममध्ये काहीच झालेलं नाही, तिथे गाडीही नव्हती आणि माणूसही नव्हता, जे झालं ते माझ्या स्वयंपाकघरात झालं. त्याने ते लिहून घेतलं नाही. लिथुआनियाला कुणी लिहायचं हे तर कुणालाच माहीत नव्हतं.

आणि बँक. सत्तेचाळीस मिनिटं होल्डवर. मग सांगितलं की हा विक्रेता आणि ग्राहक यांच्यातला खासगी वाद आहे. इथे अडून राहा. वस्तू खराब निघाली तर वाद; वस्तू विकणाऱ्याकडे कधी नव्हतीच तर ती फसवणूक. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्ये केलेल्या अशा बँक ट्रान्सफरची भरपाई, ८५,००० पौंडांपर्यंत, बँकांना द्यावी लागते. १०० पौंड कापू शकतात, आणि तेरा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. पण परदेशी पाठवलेले पैसे यात नाहीत. म्हणजे माझे २,५०० बसत होते, बाकीचे नव्हते. त्या २,५०० वरही "तुम्हाला नाव जुळत नसल्याचा इशारा दिला होता" म्हणून तीन पत्रं आली. बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या इथल्या लोकपालाकडे जातो असं लेखी कळवल्यावर २,४०० आले, पस्तीस कामकाजाच्या दिवसांची मुदत चौतिसाव्या दिवसापर्यंत ताणून. चोराने दुसऱ्या हप्त्यापासून परदेशी खातं का दिलं, हे मला तेव्हा कळलं. नियम त्याने माझ्या आणि बँकेतल्या बाईंच्या आधी वाचला होता.

त्यानंतरही थांबलं नाही. मी झालेली हकिगत एका ठिकाणी लिहिली आणि दोन दिवसांत एका "वसुली तज्ज्ञा"चा मेसेज आला: तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला ४५० पौंड फी. हा तोच माणूस किंवा त्याचा भाऊबंद. एकदा कापलेलं बकरं पुन्हा कापता येतं का, ते बघतात. खरं सांगतो, दहा सेकंद मी विचार केला. दहा सेकंद.

कुणी अशी वस्तू लांबून घेणार असेल तर विकणाऱ्याला सांगा, एका कागदावर माझं नाव आणि आजची तारीख लिहा, तो ड्रायव्हरच्या सीटवर ठेवा आणि व्हिडिओ कॉलवर गाडीभोवती फिरा. खरा मालक कुरकुरेल पण फिरेल. पट्ट्याच्या कडीवरची ओतीव अक्षरं जवळून दाखवायला सांगा, ती सुलटी वाचता आली पाहिजेत. आणि स्वतः जा. इथून आर्देन बोटीने आणि गाडीने एका दिवसाचं काम आहे, मी मागाहून हिशेब काढला, पेट्रोल धरून ३१० पौंड. मी गेलो नाही कारण त्या शनिवारी मंडळाच्या शिवजयंतीचा हॉल सजवायचा होता.

सौ. ला शेवटी सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. "अहो, तुम्ही मला भाजीवाल्याचे सुटे मोजायला लावता," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ट्रॅकवाल्या गाड्यांसाठी एच वर्गाचं लायसन्स लागतं, त्याचा फॉर्म मी भरून ठेवला होता, तो तिने न बोलता ड्रॉवरमध्ये ठेवला. फाडला नाही.

मागच्या आठवड्यात तीच गाडी पुन्हा विकायला लागलेली दिसली. विकणाऱ्याचं नाव नवं, देश हॉलंड, गोष्ट तीच, या वेळी कुणा पोलिश सैनिकाच्या नातवासाठी बेतलेली. मी तक्रार केली. चार तासांत उत्तर आलं, ही जाहिरात आमच्या नियमांचा भंग करत नाही. किंमत १०,९००, म्हणजे सहाशेने उतरवली आहे. बंदुकीचा खोका अजून उजवीकडेच आहे.