फुकटातलं फ्रेंच एकोणिसावं शतक : ई-रीडरवर काही महिने काढल्यानंतर

ई-रीडर घेतला तो मुळात डोळ्यांसाठी. रात्री फोनवर वाचून डोळे चुरचुरायला लागले होते. फ्रेंच कादंबऱ्या त्यावर नंतर आल्या आणि मुक्कामालाच राहिल्या. गेल्या पावसाळ्यापासून बहुतेक तेच वाचतोय, जास्त करून इंग्रजी अनुवादात आणि जमेल तेवढं मूळ फ्रेंचमध्ये. पुस्तकांवर एक रुपयाही खर्च झालेला नाही, कारण लेखकांना जाऊन शंभरहून जास्त वर्षं झाली आहेत आणि त्यांची पुस्तकं कायदेशीररीत्या मोफत आहेत.

'फ्रेंच क्लासिक्स वाचून बघितले, कंटाळा आला' असं म्हणणारे बरेच भेटतात. कुणाचा अनुवाद होता असं विचारलं की गप्प होतात. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

ज्यूल व्हर्न घ्या. भा. रा. भागवतांच्या कृपेने मराठी वाचकाला तो लहानपणापासून ओळखीचा. त्याच्या समुद्राखालच्या प्रवासाची कादंबरी शोधली की हमखास पुढे येतो तो लुईस मर्सिए यांचा 1870च्या दशकातला अनुवाद. त्यात जवळजवळ पाव पुस्तक कापलेलं आहे, शास्त्रीय भागाचे तर हालच केलेत. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या साइटवरच एफ. पी. वॉल्टर यांचा अलीकडचा, पूर्ण अनुवादही आहे. नाव तेच, किंमत तीच, म्हणजे शून्य, पण पुस्तक वेगळं. त्यामुळे डाउनलोडच्या बटणाआधी अनुवादकाचं नाव बघायची सवय लावून घ्या. ऑनलाइन दुकानांत पन्नास-शंभर रुपयांना मिळणारे 'संपूर्ण संग्रह' बहुधा हेच मोफत मजकूर असतात. मी चाळलेल्या कित्येकांत अनुवादकाचं नावच नव्हतं. तिकडे फिरकू नका.

जुने अनुवाद असे असण्याला कारण आहे. मोफत मिळणार ते बहुधा जुनंच, आणि जुनं इंग्रजी म्हणजे व्हिक्टोरियन सोवळं. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोलाचे अनुवाद छापले म्हणून हेन्री व्हिझेटेली या लंडनच्या प्रकाशकाला 1889मध्ये तुरुंगात जावं लागलं. त्यानंतर त्याच्या मुलाने केलेल्या आवृत्त्या धुऊनपुसून निघाल्या यात नवल नाही. झोलाची 'जेर्मिनाल' मात्र हॅवलॉक एलिसच्या अनुवादात वाचा. तो 1894मध्ये खासगी वर्गणीदारांसाठी छापला गेला, म्हणून कात्रीतून वाचला. उत्तर फ्रान्समधल्या कोळसा खाणकामगारांची ही गोष्ट. सुरुवातीलाच पहाटे चारला एक घर उठतं. दहा जणांचं घर, हवा कोंदट, आणि घरात कॉफी संपलेली. थोरली मुलगी आदल्या दिवशीच्या चोथ्यावर गरम पाणी ओतते आणि तेच सगळे पिऊन खाणीवर जातात. पुढे संप, उपासमार, गोळीबार सगळं येतं, पण झोलाने मला बांधून ठेवलं ते या चोथ्याने.

फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'चा गुटेनबर्गवरचा अनुवाद एलेनॉर मार्क्स-एव्हलिंग यांचा, 1886चा. होय, कार्ल मार्क्सची मुलगी. थोडा अवघडलेला आहे, पण चालतो.

आता यंत्राबद्दल. सहा इंची पडद्यावर जाड कादंबरी वाचवेल का, अशी शंका होती. उलट याच कादंबऱ्या त्यावर सगळ्यात छान बसतात, कारण यातल्या कित्येक मुळात वर्तमानपत्रात क्रमशः आलेल्या. द्युमाची 'काउंट ऑफ माँटे ख्रिस्तो' 28 ऑगस्ट 1844पासून 'जुर्नाल दे देबा'मध्ये सुरू झाली. एकूण 117 प्रकरणं. बरीचशी प्रकरणं एका बसप्रवासात संपतात आणि शेवटी अशा जागी सोडतात की थांबा येऊनही उठवत नाही. कागदी प्रत एवढी जाड की रोज पिशवीत कोण नेणार! हिचा मोफत मिळणारा इंग्रजी अनुवाद 1846चा, अनामिक, आणि काही प्रसंग त्यातही सौम्य केलेत. तरी वेग टिकून आहे.

तो जुना अंक बघायचा असेल तर गॅलिकावर जा. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं हे डिजिटल भांडार 1997पासून चालू आहे. वर राजकारण, मध्ये एक आडवी रेघ आणि रेघेखाली पानाच्या तळाला कादंबरी. या तळमजल्यासाठी लोक पेपर घ्यायचे. फक्त हे लॅपटॉपवर बघा. स्कॅन केलेली पीडीएफ सहा इंचांवर उघडणं म्हणजे स्वतःचा छळ. काही पुस्तकांची ईपब, म्हणजे ई-रीडरवर उघडणारी फाइल, मिळते, पण ती यंत्राने अक्षरं ओळखून केलेली असते. गॅलिका मजकुराच्या अचूकतेची अंदाजे टक्केवारी सांगते. 98 टक्के वाचून हुरळू नका, शंभरातली दोन अक्षरं चुकली तर जवळपास प्रत्येक ओळीत खडा लागतो.

मूळ फ्रेंच वाचणाऱ्यांसाठी : शब्दावर बोट दाबलं की अर्थ येतो ही सोय मोठीच. पण कादंबऱ्यांतला भूतकाळ बोलण्यातल्यापेक्षा वेगळा असतो आणि माझ्या ई-रीडरचा शब्दकोश त्या रूपांपुढे अनेकदा हात टेकतो. साध्या 'होता', 'आला'साठीही उत्तर नाही. या काळाचे तक्ते एकदा घोटून घ्या, मग अडत नाही. उच्चारांसाठी लिटेरात्यूर-ऑडिओ या फ्रेंच साइटवर स्वयंसेवकांनी वाचलेली पुस्तकं मोफत आहेत.

विसाव्या शतकातला काम्यू शोधत आला असाल तर थोडी निराशा होईल. तो 1960मध्ये गेला. भारतात मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे मूळ फ्रेंच मजकूर इथे 2021पासून मोकळा आहे. फ्रान्समध्ये मात्र सत्तर वर्षं, त्यामुळे फ्रेंच साइट्सवर 2031पर्यंत वाट बघा. आणि अनुवादाचा हक्क वेगळा असतो, तो अनुवादकाच्या मृत्यूपासून मोजतात. सार्त्र आणि बोव्हार यांना तर अजून बराच अवकाश आहे. त्यांच्यासाठी ग्रंथालय गाठा किंवा सरळ विकत घ्या.

काय जमलं नाही तेही सांगतो. प्रूस्त ई-रीडरवर जमत नाही. एक वाक्य तीन पडद्यांवर पसरलं की सुरुवात मागे कुठे राहिली ते सापडत नाही. त्याला मोठं पान हवं. बाल्झाकची पात्रं या कादंबरीतून त्या कादंबरीत जातात, तिथे पुस्तकातला शोध उपयोगी पडतो, पण त्याची पन्नास पानांची खाणावळ-वर्णनं धीर असेल तरच. 'ले मिझेराब्ल'मध्ये ह्यूगो वॉटर्लूच्या लढाईवर घसरला की मी प्रकरणं सरळ ओलांडली. त्याचं काही वाईट वाटलं नाही.

नवख्याने मोपासाँपासून सुरुवात करावी. कथा छोट्या आहेत आणि मूळ फ्रेंचही त्यातल्या त्यात सोपं. 'बूल द स्विफ' (1880) आधी, मग 'ला पारूर' (1884). मात्र जुन्या इंग्रजी संग्रहांत मोपासाँच्या नावावर डझनावारी खोट्या कथा घुसडल्या गेल्या होत्या आणि त्या अजूनही फिरतात. एखादी कथा फारच सपक वाटली तर तिचं फ्रेंच शीर्षक शोधून बघा. सापडलं नाही तर ती बहुधा त्याची नाहीच.