गुडघ्याचे दोन एक्सरे आणि स्टेम सेलचं पॅकेज

माझ्याकडे आईच्या उजव्या गुडघ्याचे दोन एक्सरे आहेत, दोन्ही एकाच क्लिनिकने काढलेले, मधे काही महिने गेलेले. पहिल्यात आतल्या बाजूला मांडीचं हाड खालच्या हाडाला टेकलेलं आहे, फट म्हणून काही उरलीच नाहीये. दुसऱ्यात फट दिसते, बारीक आहे पण दिसते. हा दुसरा एक्सरे स्क्रीनवर मोठा करून दाखवून आम्हाला सांगितलं की बघा, काकूंची गादी परत भरायला लागली, स्टेम सेलने (म्हणजे नवीन पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशींनी) काम सुरू केलंय, आता एक बूस्टर म्हणजे आणखी एक इंजेक्शन घेतलं की झालं, आणि बूस्टरचे ८० हजार.

गादी भरलेली नव्हती. पहिला एक्सरे आईला उभं करून काढला होता आणि दुसरा टेबलवर झोपवून. बस एवढंच. हे नीट समजून घ्या, कारण एक्सरेत गादी म्हणजे कूर्चा दिसतच नाही, दिसतात फक्त हाडं, आणि दोन हाडांमधल्या फटीवरून गादी किती उरली असेल याचा अंदाज बांधायचा असतो. माणूस उभा राहिला की अंगाचा भार गुडघ्यावर येतो आणि खरी परिस्थिती दिसते, झोपवलं की भार जातो आणि तीच फट थोडी उघडल्यासारखी दिसते. म्हणून गुडघ्याच्या झिजेसाठी एक्सरे उभ्यानेच काढतात. पहिल्या फिल्मच्या कोपऱ्यात स्टँडिंग असं लिहिलेलं होतं, दुसऱ्यावर काहीच नव्हतं. ते आम्हाला दाखवलं दुसऱ्या डॉक्टरांनी, पण तोपर्यंत पावणेदोन लाख जाऊन बसले होते.

आता सुरुवातीपासून सांगते. आई अडुसष्ट वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, नोकरीचा अर्धा काळ अशा गावांत गेला जिथे एसटी स्टँडपासून शाळेपर्यंत चालतच जावं लागायचं. गुडघे बरीच वर्षं दुखतायत, दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकलेत, मांडी घालून बसणं सुटलं, देवघरासमोर खुर्ची टाकून बसते. डायबेटिस आहे. नाशिकच्या एका ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं की वाटी बदलावी लागेल. पण आमच्या कॉलनीतल्या एका काकूंचं ऑपरेशन झालं आणि त्यांना जंतुसंसर्ग झाला, त्या पुढे बरेच महिने हैराण होत्या, ते सगळं आईने जवळून बघितलंय, त्यामुळे ऑपरेशन हा शब्द निघाला की ती उठून आत जायची.

अशा माणसाच्या हातात सकाळच्या पेपरमधून पॅम्फलेट पडतं, ऑपरेशनशिवाय गुडघेदुखीतून कायमची मुक्ती, स्टेम सेल तंत्रज्ञान, मोफत एक्सरे व तपासणी शिबिर, मर्यादित जागा. त्या क्लिनिकचं हे शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. दादा आणि वहिनी आईला घेऊन गेले. वहिनी सांगते की हॉल भरलेला होता, सगळे साठीच्या पुढचे, स्क्रीनवर व्हिडिओ चालू, काठी टेकत येणाऱ्या आजी आणि नंतर जिना चढणाऱ्या आजी. नंबर आला की एक्सरे, मग डॉक्टर दोन मिनिटं बघणार आणि मग खरं बोलणं एका समुपदेशक बाईंशी. त्या आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, काकू तुम्ही मला माझ्या आईसारख्या, ऑपरेशनच्या नादाला लागू नका, तो सांधा दहा वर्षांत खराब होतो मग परत चिरफाड. हे सांगणं सुद्धा खोटंच होतं बरं का. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये मोठ्या रजिस्ट्रींचा, म्हणजे ऑपरेशनच्या नोंदींचा, अभ्यास आलाय, त्यात पूर्ण बदललेल्या दर शंभर गुडघ्यांपैकी ऐंशीहून जास्त पंचवीस वर्षं टिकलेले दिसलेत. पण भीती बसलेल्या माणसाला दहा वर्षं हा आकडा बरोबर लागतो.

दोन्ही गुडघ्यांचं पॅकेज दोन लाख चाळीस हजार, आजच बुक केलं तर एक लाख पंचाहत्तर हजार, आणि पैसे नसतील तर तिथेच टेबल टाकून फायनान्सचा माणूस बसलेला, आधार पॅन द्या आणि ईएमआय सुरू. मेडिक्लेमचं विचारलं तर म्हणाले नवीन टेक्नॉलॉजी आहे ना, कंपन्या अजून मागे आहेत. खरं कारण वेगळं आहे, आपल्याकडे विमा नियामकाच्या यादीत स्टेम सेल उपचार आहे पण तो रक्ताच्या आजारांत बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी, गुडघ्यासाठी नाही.

मग उपचार. आईच्या दंडाला पट्टा बांधून हातातून रक्त काढलं, काचेच्या नळ्यांमध्ये भरलं, मशीनमध्ये फिरवलं आणि अर्ध्या तासात तेच गुडघ्यात टोचलं. याला पीआरपी म्हणतात. स्वतःच्या रक्तातला प्लेटलेट जास्त असलेला भाग वेगळा करून देतात, हा एक खरा प्रकार आहे, बरेच चांगले ऑर्थोपेडिक डॉक्टर देतात आणि पीआरपी म्हणूनच देतात. पण तो स्टेम सेल नाही. स्वतःच्या शरीरातल्या अशा पेशी घ्यायच्या तर कमरेच्या हाडात सुई घालून बोन मॅरो काढतात किंवा पोटाची चरबी काढतात, हातातून दोन नळ्या रक्त काढून अर्ध्या तासात स्टेम सेल तयार होत नाहीत. तुमच्या माणसाला कोणी स्टेम सेल देतो म्हणालं तर पहिला प्रश्न हाच विचारा की पेशी कुठून काढणार, आणि उत्तर हातातून रक्त असं आलं तर तिथून उठा.

आणि पीआरपीबद्दल पण स्पष्ट बोलते. ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर एक चाचणी झाली, २०२१ मध्ये जामा या जर्नलमध्ये आली, निम्म्यांना पीआरपी आणि निम्म्यांना साधं सलाईन टोचलं, एक वर्षानंतर दुखण्यात आणि कूर्चेच्या प्रमाणात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मधल्या स्टेजच्या पेशंटला आराम पडतो असं सांगणारे दुसरे अभ्यासही आहेत, म्हणून डॉक्टरांमध्ये यावर एकमत नाही. पण आईची स्टेज चौथी होती, शेवटची. झीज मोजायची शून्य ते चार अशी ग्रेड असते, चार म्हणजे हाडाला हाड. ही ग्रेड शिबिरात आम्हाला कोणी सांगितलीच नाही, कागदावर पण लिहिली नाही, कारण ग्रेड चार लिहिलं असतं तर पुढचं काहीच विकता आलं नसतं.

पहिल्या इंजेक्शननंतर आईला खरंच बरं वाटलं, तेच तर वाईट. आठवडाभरात ती अंगणात फेऱ्या मारायला लागली, फोनवर आवाजच वेगळा, मी पण खुश झाले. दुसऱ्या इंजेक्शननंतर मात्र शुगर तीनशेच्या वर गेली आणि दोन-चार दिवस खाली येईना. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले गुडघ्यात स्टेरॉइड दिलं की डायबेटिसवाल्यांची शुगर अशी चढते, त्यात काय होतं ते विचारा. क्लिनिकला विचारलं तर उत्तर आलं की तुमचंच रक्त आहे, त्यात दुसरं काय असणार. आत काय होतं हे आता सिद्ध करता येणार नाही, पण स्टेरॉइडने दुखणं पटकन कमी होतं आणि काही आठवड्यांत परत येतं, आणि आईचं अगदी तसंच झालं. स्टेरॉइड वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, दुखणं फार वाढलं की डॉक्टर देतात, पण ते सांगून द्यायचं असतं, डायबेटिसच्या पेशंटला तर नक्कीच, आणि वारंवार घेण्यासारखं ते नाही. २०१७ च्या एका अभ्यासात दर तीन महिन्यांनी दोन वर्षं स्टेरॉइड घेतलेल्यांची कूर्चा सलाईन घेतलेल्यांपेक्षा जास्त झिजलेली निघाली होती.

दुखणं परतल्यावर आम्ही तक्रार केली तेव्हा तो दुसरा एक्सरे काढला गेला आणि बूस्टरचं बोलणं सुरू झालं. यावेळी मी आईबरोबर होते. डॉक्टर म्हणाले एक्सरेत सुधारणा आहे, दुखतंय कारण नवीन पेशी सेट होतायत. मला ते पटेना, कारण आई जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. दोन्ही फिल्म मागून घेतल्या आणि एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमधल्या ऑर्थोपेडिक सर्जनकडे गेलो. त्यांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या, काही न बोलता आईला परत एक्सरेला पाठवलं, उभं करून. फट नव्हती. मग म्हणाले, बाई, तुमचा गुडघा आहे तसाच आहे, फक्त फोटो वेगळा काढलाय. आई शाळेत बाई होती म्हणून तिला सगळेच बाई म्हणतात, पण त्या दिवशी ती खाली मान घालून बसली होती आणि ते मला अजून सहन होत नाही. पॅकेजचे काही पैसे तिच्या पेन्शनमधून साठवलेले होते, बाकीच्यांचे हप्ते.

त्या सर्जननी आम्हाला वेळ देऊन समजावलं. या क्षेत्रात खरं काम चाललंय, सगळंच थोतांड नाही. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीच्या पेशींच्या उत्पादनाला २०२२ मध्ये आपल्या औषध महानियंत्रकांची मान्यता मिळालीय, दात्याच्या बोन मॅरोपासून वाढवलेल्या पेशी, आणि त्याची चाचणी ग्रेड दोन आणि तीनच्या पेशंटवर झालेली, चारच्या नाही. दुसरीकडे २०२३ मध्ये नेचर मेडिसिन या जर्नलमध्ये अमेरिकेतली मोठी चाचणी आली, पावणेपाचशे पेशंट, बोन मॅरोतल्या, चरबीतल्या आणि नाळेतल्या अशा तीन प्रकारच्या पेशी विरुद्ध साधं स्टेरॉइड, वर्षभराने कुठलीच पेशी स्टेरॉइडपेक्षा सरस ठरली नाही. कोरियात तर २०१७ मध्ये मान्यता दिलेलं एक पेशींचं औषध २०१९ मध्ये रद्द करावं लागलं, कारण त्यातल्या काही पेशी कूर्चेच्या म्हणून दाखवल्या होत्या त्या निघाल्या किडनीच्या. जिथे सरकारी तपासणी एवढी कडक असूनही असं होतं तिथे मंगल कार्यालयातल्या टेबलवर काय तपासणी होणार. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना पण स्पष्ट आहेत, मान्यता नसलेले स्टेम सेल फक्त नोंदणी केलेल्या चाचणीत वापरायचे, आणि चाचणी असेल तर ती सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदलेली असते, नंबर असतो, कोणीही वेबसाइटवर बघू शकतं, आणि त्यासाठी पेशंटकडून पॅकेजचे पैसे घेत नाहीत. मी क्लिनिकला नंबर मागितला तर म्हणाले तो इंटरनल असतो.

सर्जननी आईला काय दिलं तर मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायची आणि पाय सरळ ठेवून उचलायचा, काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात, वेस्टर्न कमोड, वजन कमी करणं आणि लावायला डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं जेल. ऐकायला काहीच नाही वाटत, आई पण नाराज झाली की एवढंच का. पण फिजिओथेरपिस्टने सांगितलं की व्यायामाला जितका पुरावा आहे तितका या महागड्या इंजेक्शनांना नाही. वजनाचं पण तसंच, २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड या वजन कमी करणाऱ्या औषधाची गुडघेदुखी असलेल्या जाड लोकांवरची चाचणी आली त्यात वजन जवळजवळ चौदा टक्के उतरलं आणि दुखणं पण बरंच उतरलं. उजव्या गुडघ्याचं मात्र ऑपरेशनच, हे सर्जननी लपवलं नाही. खर्चाचं विचारलं तेव्हा कळलं की २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने इम्प्लांटच्या, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीला मर्यादा घातली, कोबाल्ट क्रोमियमचा साधा सांधा तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी ठरला, आणि हॉस्पिटलचा खर्च वेगळा धरून सुद्धा मेडिक्लेममध्ये बसतो. आम्ही पॅकेजला दिले त्यातला एक रुपयाही मेडिक्लेममध्ये बसला नाही.

आता तक्रारीचं. आधी क्लिनिककडे सगळे कागद लेखी मागितले, ते टाळाटाळ करायला लागले, मग वकिलांनी पत्रात लिहिलं की पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचा नियम आहे, तेव्हा कागद आले. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होते, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायला लागते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे डॉक्टरांची वेगळी तक्रार केली. फायनान्सचे हप्ते दादाने लगेच बंद करायचं म्हटलं होतं, वकिलांनी थांबवलं, सिबिल खराब होईल आणि फायनान्सवाला वेगळा मागे लागेल, म्हणून हप्ते चालू ठेवून ती रक्कम तक्रारीत मागितलीय.

क्लिनिकचं उत्तर आलंय. त्यात म्हणलंय की आम्ही स्टेम सेल देतो असं कुठेच लिहून दिलेलं नाही. आणि कागद काढून बघितले तर पावतीवर रिजनरेटिव्ह पॅकेज, इंग्रजी संमतीपत्रावर पीआरपी, आईची सही त्याखाली, स्टेम सेल हा शब्द खरंच कुठे नाही. तो फक्त पेपरातून आलेल्या पॅम्फलेटवर आहे आणि समुपदेशक बाईंनी वहिनीला पाठवलेल्या व्हॉट्सअप मेसेजमध्ये. पॅम्फलेट वहिनीने रद्दीत टाकलं नव्हतं, पर्समध्येच राहिलं होतं, आणि आज आमच्या वकिलांच्या फाईलमध्ये सगळ्यात वर तेच आहे. तुमच्याकडे असं कोणाचं पॅम्फलेट, मेसेज, कॉल रेकॉर्डिंग असेल तर जपून ठेवा, आणि एक्सरेची फिल्म क्लिनिकमध्ये ठेवून येऊ नका, ती तुमची आहे.