चित्र आधी, नोंद नंतर: लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ऑनलाइन संग्रह वर्गात वापरताना

इतिहासाच्या तासाला अस्सल साधने मुलांपुढे ठेवायची असतील, तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळाइतका भरवशाचा मोफत साठा क्वचितच सापडेल. खाते उघडावे लागत नाही. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक वस्तूसोबत तिची नोंद असते: वस्तू कोणी केली, कधी, कुठे, मूळ प्रत कशा स्वरूपात आहे, हक्क कोणाचे. इंटरनेटवर सुट्या सापडणाऱ्या चित्रांचे मूळ कळत नाही आणि वर्गात तर खरी चर्चा मुळावरूनच रंगते.

डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात काढलेला ‘मायग्रंट मदर’ (स्थलांतरित आई) हा तंबूत मुलांसह बसलेल्या मजूर बाईंचा फोटो घ्या. पाठ्यपुस्तकात तो एकटाच छापलेला असतो. इथे त्याच तंबूतल्या त्याच कुटुंबाचे इतर फोटोही आहेत. शिवाय प्रसिद्ध फोटोची दोन रूपे मिळतात. एकात उजवीकडे खाली खांबाला धरलेला अंगठा स्पष्ट दिसतो, दुसऱ्यात तो पुसून टाकलेला आहे. दोन्ही शेजारी ठेवून ‘फरक शोधा’ एवढेच म्हणावे. अंगठा का पुसला असेल, हा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात. मूळ शीर्षकात बाईंचे नाव नाही, फक्त सात मुलांची आई आणि वय बत्तीस. ते शेवटी दाखवावे. आधी वाचून दाखवले की मुले चित्र पाहायचे थांबतात.

वरच्या इयत्तांसाठी अलेक्झांडर गार्डनर यांचे जुलै १८६३ मधले, अमेरिकी यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीचे फोटो फार उपयोगी आहेत. एकाच सैनिकाचा मृतदेह दोन वेगळ्या जागी दिसतो, कारण तो उचलून दगडी आडोशामागे ठेवला आणि पुन्हा फोटो काढला. कॅमेरा खोटे बोलत नाही, हा समज एका तासात ढळतो. लहान मुलांना मात्र हे फोटो दाखवू नयेत.

शिक्षकांसाठी दिलेला विश्लेषणाचा तक्ता साधा आहे: निरीक्षण, विचार, प्रश्न असे तीन रकाने आणि खाली पुढच्या शोधासाठी जागा. गडबड हमखास पहिल्या रकान्यात होते. ‘ती दुःखी आहे’ हे निरीक्षण नव्हे. ‘कपाळावर आठ्या, हात गालाशी, दोन मुलांनी तोंड फिरवलेले’ हे निरीक्षण. यासाठी चित्राचे चार भाग करून तीन झाकावेत आणि एकेक उघडत जावे. चाळीस मिनिटांच्या तासात एकच साधन घ्यावे. पहिली तीन मिनिटे कोणी बोलायचे नाही, मग दहा मिनिटे फक्त निरीक्षण. दोन साधने घेतली की तिसरा रकाना कोराच राहतो आणि सगळा जीव तर त्याच रकान्यात आहे.

संकेतस्थळावरचे विषयवार तयार संच वेळ वाचवतात, पण ते जसेच्या तसे वाटू नयेत. शीर्षके आणि प्रस्तावना उत्तर आधीच देऊन टाकतात. त्यातून दोन-तीन वस्तू उचलून बाकी सोडून द्याव्यात.

जुन्या वृत्तपत्रांचा संग्रह प्रचंड आहे, पण शोध घेताना नवखा माणूस अडकतो. छापील पानांचा मजकूर यंत्राने वाचलेला असल्याने चुका भरपूर. अठराव्या शतकातल्या छपाईतला लांब ‘एस’ (ſ) यंत्राला ‘एफ’ वाटतो. दुसरी अडचण शब्दांची. १९१४ च्या वृत्तपत्रात ‘पहिले महायुद्ध’ सापडणार नाही, कारण दुसरे अजून झालेलेच नव्हते. तेव्हाचा शब्द ‘युरोपियन वॉर’. त्या काळचे दोन-तीन प्रतिशब्द आधी लिहून ठेवावेत आणि वर्षांची मर्यादा घालून मगच शोधावे. मुलांना थेट शोधायला बसवले तर तास त्यातच जातो.

सगळा मजकूर इंग्रजीत आहे, तोही कित्येकदा जुन्या वळणाचा. म्हणून सुरुवात फोटो आणि नकाशांनी करावी, हस्तलिखिते नंतर. हस्तलिखितांपैकी अनेकांसोबत स्वयंसेवकांनी उतरवलेला मजकूर मिळतो, सर्वांसोबत नाही. ‘हस्तलिखिते नंतर’ या नियमाला थॉमस जेफर्सन यांचा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा खाडाखोडीचा मसुदा अपवाद मानावा. तो वाचता आला नाही तरी खोडलेल्या ओळी मोजता येतात. त्यात ‘प्रजाजन’ या अर्थाचा शब्द पुसून त्यावर ‘नागरिक’ लिहिल्याचे प्रयोगशाळेतील तपासणीतून २०१० मध्ये उघड झाले.

डाउनलोड करताना टिफ फाईल घेऊ नये. ती फार जड असते आणि वर्गातल्या संगणकावर उघडताना अडते. पडद्यावर दाखवायला हजारेक पिक्सेलची जेपेग पुरते. ए-४ वर छापायची तर लांब बाजू निदान १७५० पिक्सेलची हवी, नाहीतर चेहरे धूसर होतात. झेरॉक्सवर सावल्या काळ्या ठिक्कर पडतात, म्हणून छापण्याआधी उजेड वाढवून एक प्रत तपासावी. काही वस्तूंचे हक्क राखीव असल्याने ग्रंथालयाबाहेर फक्त अंगठ्याएवढे चित्र दिसते. पाठाचे नियोजन करण्यापूर्वी मोठी प्रत खरोखर उघडते का, हे पाहून घ्यावे.