चार फेजचा मदरबोर्ड आणि एफएक्स-८३५० : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

एएमडीचा एफएक्स-८३५० हा आठ कोअरचा प्रोसेसर मी मार्च २०१४ मध्ये घेतला आणि पैसे वाचवण्यासाठी त्याच्या जोडीला चार अधिक एक फेजचा, मॉसफेटवर हीटसिंक नसलेला एक स्वस्त मदरबोर्ड निवडला. फेज म्हणजे १२ व्होल्टची वीज प्रोसेसरला लागणाऱ्या कमी व्होल्टेजवर आणणाऱ्या परिपथाचा एक टप्पा (चार कोअरसाठी, एक प्रोसेसरच्या इतर भागासाठी), मॉसफेट म्हणजे त्यातील वीज चालू-बंद करणारा स्विच, आणि हा सगळा परिपथ म्हणजे व्हीआरएम. बोर्डाच्या सपोर्ट यादीत १२५ वॅटच्या प्रोसेसरना मान्यता होती आणि हा प्रोसेसर १२५ वॅटचाच आहे. यादी खोटी नव्हती. मात्र तो आकडा मूळ ४.० गिगाहर्ट्झ वेगासाठी असतो, आणि मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) खुला असलेला, म्हणजे वेग वाढवता येणारा प्रोसेसर मूळ वेगावर चालवण्याचा माझा विचार कधीच नव्हता.

पहिले पाच महिने तक्रारीला जागा नव्हती. डब्यातून आलेल्या कूलरचा आवाज तेवढा असह्य होता, म्हणून ऑगस्टमध्ये मी चांगला टॉवर कूलर बसवला, मल्टिप्लायर २२.५ करून वेग ४.५ गिगाहर्ट्झवर नेला आणि व्होल्टेज १.४५ ठेवले. प्रोसेसरचे तापमान ५५ अंशांच्या आसपास राहत होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. प्रत्यक्षात बिघाडाची सुरुवात याच खरेदीपासून झाली. जुना कूलर हवा खाली ढकलत असे आणि ती सॉकेटभोवती पसरून व्हीआरएमलाही मिळत असे. टॉवर कूलर मात्र हवा बोर्डाला समांतर, मागच्या पंख्याकडे फेकतो. प्रोसेसर थंड झाला, पण त्याला वीज पुरवणारे मॉसफेट हवेवाचून राहिले.

लवकरच ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करताना (दृश्याचे अंतिम चित्र तयार करताना) दहा-बारा मिनिटांनी वेग अचानक १.४ गिगाहर्ट्झवर घसरू लागला व थोड्या वेळाने पूर्ववत होऊ लागला. मी आधी विंडोजला दोष दिला, मग एसएमपीएसला (संगणकाच्या वीजपुरवठा युनिटला). साधा हिशेब मांडला असता तर उत्तर तिथेच मिळाले असते. विजेचा वापर वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; १.३ वरून १.४५ व्होल्ट आणि ४.० वरून ४.५ गिगाहर्ट्झ म्हणजे सुमारे १.४ पट, अर्थात १२५ ऐवजी १७५ वॅट. म्हणजे जवळपास १२० अँपिअर, प्रत्येक फेजवर ३०. मॉसफेटच्या रोधामुळे होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, आणि मॉसफेट तापला की त्याचा रोधही वाढतो, म्हणजे तो आणखी तापतो. वेग घसरवून बोर्ड स्वतःला वाचवत होता. मी बायोसमधील (बोर्डाच्या मूळ सेटिंगमधील) एक पर्याय बदलून ती घसरणच बंद केली. या अनुभवातील सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती पूर्णपणे माझी.

मे २०१५ मधील नागपूरची दुपार होती. वाळ्याचा कूलर चालू असूनही खोलीत ३८ अंश होते. रेंडर अर्ध्यावर असताना संगणक बंद पडला आणि करपल्याचा वास आला. बटण दाबले की पंखे जरासे हलत आणि थांबत, कारण एसएमपीएस शॉर्ट ओळखून लगेच पुरवठा तोडत होता. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोके जोडलेली असतील तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून बोर्डावरील प्रोसेसरच्या विजेच्या चार पिनांच्या सॉकेटमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंड तपासले, तर बीप वाजला, म्हणजे शॉर्ट होता. एका मॉसफेटवर स्पष्ट काळा डाग होता. सेवा केंद्राने तो डाग पाहताच ‘फिजिकल डॅमेज’ असा शेरा मारून वॉरंटी नाकारली. ज्या भागाच्या जळण्यासाठी वॉरंटी असावी, तो जळल्याची खूणच ती नाकारण्याचे कारण ठरावी, हे मला आजही पटत नाही. प्रोसेसर वाचला, हे नशीबच, कारण १२ व्होल्टच्या बाजूचा (हाय-साइड) मॉसफेट शॉर्ट झाला की १२ व्होल्ट थेट प्रोसेसरकडे जाऊ शकतात.

आता आठ अधिक दोन फेजचा, हीटसिंक आणि आठ पिनांचा वीजपुरवठा असलेला बोर्ड वापरतो. केवळ चोक (बोर्डावर दिसणाऱ्या चौकोनी कॉइल) मोजून फेज ठरवू नयेत. काही बोर्डांवर व्हीआरएम चालवणाऱ्या कंट्रोलर चिपचे चारच फेज डबलर नावाच्या चिपने आठ केलेले असतात. वेग ४.४ गिगाहर्ट्झ आणि व्होल्टेज १.४० ठेवले आहे, घसरणीचा पर्याय चालू आहे, आणि व्हीआरएमच्या हीटसिंकवर ८० मिलिमीटरचा एक जुना पंखा केबल टायने बांधला आहे. तो दिसायला ओबडधोबड आहे आणि आवाजही करतो, पण या उन्हाळ्यात दोन-दोन तासांच्या रेंडरमध्ये वेग एकदाही घसरलेला नाही.