अशनीची चकती: ऑनलाइन मागवलेल्या एका नमुन्याचे परीक्षण

एनडब्ल्यूए ८६९ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दगडी अशनीची, म्हणजे अंतराळातून पृथ्वीवर पडलेल्या दगडाची, एका बाजूने घासून गुळगुळीत केलेली लहानशी चकती मी डिचोलीला मागवली. टपालखर्च धरून ती साडेतीन हजार रुपयांना पडली. हा अशनी २००० च्या सुमारास वायव्य आफ्रिकेच्या वाळवंटात सापडला आणि त्याचे सगळे तुकडे मिळून काही टन भरत असल्यामुळे तो बाजारात तुलनेने स्वस्त मिळतो.

चकती नुसत्या डोळ्यांनी पाहिली तर निराशा होईल. दहापट मोठे दाखवणारे भिंग लावून, घासलेल्या बाजूवर तिरपा उजेड घेतला की लोह-निकेलचे चकाकते कण आणि त्यांच्यामध्ये गोल दाणे दिसू लागतात. बहुतेक खसखशीएवढे, एखाददुसरा मोहरीएवढा. यांना कॉन्ड्र्यूल म्हणतात, आणि पैसे मोजायचे ते यांच्यासाठीच. माझ्या चकतीच्या कडेला असलेल्या एका दाण्यात ऑलिव्हिन या खनिजाच्या समांतर पट्ट्या स्पष्ट दिसतात. असा पोत वितळलेला थेंब झपाट्याने थंड झाल्यावरच तयार होतो.

हे दाणे म्हणजे आगीच्या पावसाचे थेंब असावेत, असे ब्रिटिश भूवैज्ञानिक हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८७७ मध्येच सुचवले होते. सूर्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत धुळीचे पुंजके दीड हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापून वितळले, अधांतरी असल्यामुळे गोल झाले, काही तासांत किंवा दिवसांत गोठले आणि पुढे धुळीसह एकत्र येऊन लघुग्रहांचे घटक बनले. सूर्यमालेतील सर्वांत जुने घनपदार्थ सुमारे ४५६.७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. बहुतेक कॉन्ड्र्यूल त्यानंतरच्या काही दशलक्ष वर्षांतले. त्यांना वितळवणारी उष्णता तबकडीतील आघाततरंगांची की लघुग्रहांच्या टकरींची, यावर अजून एकमत नाही. पृथ्वी स्वतः वितळून तिचे थर वेगळे झाल्याने तिच्यात असे थेंब उरले नाहीत. आपल्या गोव्याच्या सीमेवरच्या अनमोड घाटातला सुमारे ३४० कोटी वर्षांपूर्वीचा नाईस (उष्णता आणि दाबाने रूप पालटलेला पट्टेदार खडक) कितीही जुना असला, तरी या कथेत तो फार उशिरा येतो.

विक्रेत्याने सोबत दिलेल्या कार्डावर यातले काहीच नाही. ‘अंतराळातून आलेला खरा दगड’ एवढी जाहिरातबाजी आणि वजन. शालेय प्रदर्शनासाठी घेणाऱ्या शिक्षकाला त्याचा काय उपयोग? शिवाय हा अशनी अनेक तुकडे एकत्र घट्ट होऊन बनलेला असल्याने प्रत्येक चकती वेगळी असते: मूळ लघुग्रहाच्या पोटात अधिक तापलेल्या भागांत दाण्यांच्या कडा विरघळल्यासारख्या पुसट होतात, तर कमी तापलेल्या भागांत त्या रेखीव राहतात. म्हणून मागवण्यापूर्वी प्रत्यक्ष तुम्हाला मिळणाऱ्याच चकतीचे जवळून काढलेले छायाचित्र मागावे. नमुन्यादाखल लावलेल्या छायाचित्रावर भुलू नये. बाहेरचा काळा पापुद्रा असलेला अखंड तुकडा कपाटात शोभतो खरा, पण तो कापल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही.

आपल्याकडच्या दमट हवेचा इशाराही कार्डावर हवा होता. लोहकण पावसाळ्यात गंजतात आणि गंज पसरला की दाण्यांच्या कडा तांबूस डागांखाली जातात. मी चकती सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डबीत ठेवतो आणि घासलेल्या बाजूला बोट लावू देत नाही. पाचपैकी चार गुण. एक गुण त्या कार्डाचा कापला.