मोठे टायर, ‘कॅलिब्रेशन’चे अठरा हजार आणि जशीच्या तशी गाडी

थार किंवा तशाच कुठल्या गाडीला मोठे टायर बसवायचा विचार असेल तर दुकानात जाण्याआधी हे वाचा. टायरच्या किमतीवर ‘कॅलिब्रेशन’ म्हणून, म्हणजे नव्या मापाप्रमाणे मीटर आणि गिअर जुळवून द्यायचे म्हणून, जे जादा पैसे घेतले जातात, त्यात मला साफ फसवलं गेलं. ही फसवणूक लवकर लक्षात येत नाही, म्हणूनच ती चालते.

माझी थार डिझेल ऑटोमॅटिक. कंपनीचे टायर २५५/६५ आर १८, व्यास साधारण ७८९ मिमी. मी बसवले २७५/७० आर १८, व्यास ८४२ मिमी. म्हणजे चाक एका फेरीत ६.८ टक्के जास्त रस्ता कापतं. गाडीच्या कॉम्प्युटरला मात्र हे कळायला मार्ग नाही, तो फेऱ्या मोजतो आणि जुन्याच मापाने हिशेब करतो. किलोमीटर कमी पडतात, वेग कमी दिसतो. शिवाय इंजिनाला प्रत्येक गिअरमध्ये जास्त ओझं ओढावं लागतं, त्यामुळे चढावर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तिसरा की चौथा या घोळात अडकतो.

पुण्यात हायवेलगतच्या एका मोठ्या दुकानात मालक स्वतःच म्हणाले, “साहेब, काळजी करू नका. स्पीडोमीटर आणि गिअर दोन्ही सेट करून देतो. ईसीयूमध्ये, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये, टायरचं माप टाकावं लागतं.” मागितले अठरा हजार. त्यांच्या मुलाने स्टीअरिंगखालच्या सॉकेटला वायर जोडली, लॅपटॉपवर हिरवी पट्टी शेवटपर्यंत भरली, ‘सक्सेस’ असा शब्द आला. नंतर चक्कर मारायला नेलं आणि फोनवरचा जीपीएस समोर धरला. डायलवर ८०, फोनवर ८२. “बघा, दोनचाच फरक. एवढा तर कंपनीतूनही असतो.”

खरी मेख इथे आहे. कंपनी स्पीडोमीटर मुद्दाम थोडा पुढे ठेवते, कारण डायलने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये असा नियम असतो. माझ्या गाडीत जुन्या टायरवर डायल ८० दाखवायचा तेव्हा जीपीएस ७७ सांगायचा. चाक ६.८ टक्क्यांनी मोठं झालं की तेच ७७ आपोआप ८२ होतात. कुणी काहीही न करता डायल ‘जवळजवळ बरोबर’ दिसायला लागतो, आणि दुकानदार त्याचेच पैसे घेतो. काम खरंच झालं असतं तर डायल पूर्वीसारखा जीपीएसच्या तीनेक किलोमीटर पुढे दिसायला हवा होता.

गिअरबॉक्स मात्र सुरुवातीला खरोखर वेगळा वाटला. गिअर पडण्याची पद्धत (शिफ्ट) बदललेली जाणवत होती, मी खूश होतो. मग खंबाटकी घाटात तीच जुनी ओढाताण सुरू झाली. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, “गिअरबॉक्स शिकतोय साहेब, पाचशे किलोमीटर चालवा.” पाचशे झाले, तेव्हा हजार सांगितले.

शेवटी द्रुतगती मार्गावर एका किलोमीटरच्या दगडाशी ट्रिप मीटर शून्य करून पुढचे दगड मोजले. शेजारी बसलेल्या भावाने दहाव्या दगडाशी मीटर वाचला: ९.४. मापाच्या फरकाने जेवढं कमी यायला हवं, बरोबर तेवढंच. स्पीडोमीटरसारखी फुगवणूक किलोमीटर मोजणाऱ्या ओडोमीटरमध्ये सहसा नसते, म्हणून तिथे लबाडी लपत नाही.

ओळखीच्या एका टेक्निशियनने गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा स्कॅनर लावला. सॉफ्टवेअरचा आयडी आणि त्याचा पडताळणी क्रमांक, दोन्ही आधीच्या सर्व्हिसच्या नोंदीशी जुळत होते. नवी फाइल टाकलेलीच नव्हती आणि टायरचं मापही बदललेलं नव्हतं. स्कॅनरवर आणखी एक आकडा असतो: फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. तो थेट त्या दुकानातल्या दिवसापर्यंत जात होता. त्यांनी कोड पुसले आणि गिअरबॉक्सने माझ्या चालवण्यावरून शिकून ठेवलेलं सगळं शून्यावर आणलं, बस्स. तो पुन्हा शिकेपर्यंत शिफ्ट वेगळे लागतात. त्याचंच नाव त्यांनी कॅलिब्रेशन ठेवलं होतं.

मला याचा संताप पैशांपेक्षा दुसऱ्या गोष्टीसाठी जास्त येतो. डायलवर १०० धरून निश्चिंत चालणारा माणूस प्रत्यक्षात १०३च्या आसपास असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मर्यादा १०० आहे आणि वर कॅमेरे आहेत. दहा हजार किलोमीटरची सर्व्हिस खरं तर १०,६८० किलोमीटरला होते. कॅलिब्रेट झालंय या भरवशावर माणूस हे तपासतही नाही.

त्या टेक्निशियनने आणखी एक गोष्ट समजावली. सॉफ्टवेअरने फार तर गिअर कधी पडायचा ते पुढे-मागे करता येतं, तेही त्या मॉडेलमध्ये तशी सोय असेल तर. मोठ्या चाकामुळे गेलेली ओढ परत हवी असेल तर डिफरन्शियलचे, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांना वाटून देणाऱ्या भागाचे, गिअर बदलावे लागतात, ते लॅपटॉपचं काम नाही. वेगाचा सेन्सर आणि मीटरच्या मध्ये बसणारा छोटा बॉक्सही विकतात, पण तो बहुधा डायलपुरताच असतो.

तेव्हा जुने टायर असतानाच दगडांवरच्या दहा किलोमीटरला मीटर किती दाखवतो ते आणि डायल-जीपीएसमधला फरक लिहून ठेवा. स्कॅनरवरचे सॉफ्टवेअरचे दोन्ही क्रमांक आणि टायरच्या मापाची सेटिंग दिसत असेल तर तिचाही फोटो घ्या. काम झाल्यावर तीच चाचणी त्याच रस्त्यावर करा आणि पैसे त्यानंतर द्या. बिलावर नेमकं काय केलं ते लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं ‘लेबर’ लिहिलं होतं, आणि तक्रारीच्या वेळी दुकानाने त्याच शब्दाचा आधार घेतला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, स्कॅनरचे फोटो आणि यूपीआयची पावती जोडली, तेव्हा कुठे बारा हजार परत मिळाले. उरलेल्या सहा हजारांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करतो आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.