किलोमीटर पक्के, तास कच्चे: विमान-अंतर मोजणाऱ्या साइट्सचा कस

दोन विमानतळ टाकले की अंतर आणि वेळ सांगणाऱ्या फुकट साइट्स ढिगाने आहेत. मुंबई–लंडन हा एकच मार्ग घेऊन कस लावला, तरी त्यांची गोम कळते. किलोमीटर बिनधास्त घ्यावेत, तास घेऊ नयेत.

छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ ते हीथ्रो हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. हिशेबात पृथ्वी पूर्ण गोल धरली काय नि ध्रुवांशी चपटी धरली काय, फरक फार तर अर्ध्या टक्क्याचा. आकडा भलताच दिसला तर आधी एकक बघा: हेच अंतर ४,४८० मैल किंवा ३,८९० सागरी मैल भरतं. शहराच्या नावाऐवजी तीन अक्षरी कोड टाका, कारण लंडनला अर्धा डझन विमानतळ आहेत. मुंबईचा बीओएम (बॉम्बे तेवढं कोडात उरलं), नवी मुंबईचा एनएमआय. या दोघांमुळे लंडन काही लांब-जवळ होत नाही. अंधेरीहून टॅक्सीचं भाडं मात्र कमी-जास्त होतं.

वेळेचं गणित फारच भाबडं. ताशी ८५०–९०० किलोमीटर धरून भागाकार, वर चढ-उताराचा अर्धा तास. उत्तर साडेआठ-नऊ तास, जाताना-येताना तेच. प्रत्यक्षात उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, म्हणजे लंडनला जाताना ते तोंडावर येतात. वेळापत्रकात जाताना सहसा साडेनऊ-दहा तास किंवा जास्तच दिसतात, परतताना कमी.

त्यात नकाशावरची रेघ. ती सौराष्ट्र ओलांडून थेट कराचीच्या आसपास जाते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. साइटच्या रेघेला त्याचा पत्ताच नसतो, वळसा वैमानिकाला पडतो.

शिवाय तिकिटावरची वेळ गेट सुटल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी रांगेतली मिनिटं तिकिटावरच्या वेळेतच मोजली जातात.

खरे तास तिकिटावरूनच काढा. समजा, हिवाळ्यात मुंबईहून १३:३० ला निघून लंडनला १७:४५ ला पोचायचं आहे. लंडनचं घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणून पोचण्याच्या वेळेत साडेपाच तास मिळवा: २३:१५. त्यातून १३:३० वजा केले की पावणेदहा तास. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून साडेपाचऐवजी साडेचार मिळवायचे; हे विसरलं की बरोबर एका तासाची चूक होते. आखातात विमान बदलणार असाल तर दोन्ही टप्पे वेगवेगळे टाका आणि मधला थांबा हाताने मिळवा, कारण साइट तो धरत नाही.